डोळा तपासायचा राहून जातो

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली की काही रुग्णांच्या डोळ्यांतही रक्तस्राव होतो. ही माहिती नवी नाही. जर्मन वैद्य मोरित्झ लिटन यांनी १८८१ साली अशा रुग्णांची नोंद केली. १९०० साली फ्रेंच नेत्रतज्ज्ञ आल्बेर टर्सन यांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबरोबर डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात रक्त साचल्याचे वर्णन केले आणि पुढे हा विकार ‘टर्सन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे विकार जुना, त्याची तपासणी काही मिनिटांची आणि त्यावरचा उपचारही गेली पन्नास वर्षे हाताशी आहे. तरीही मेंदूच्या मोठ्या संकटातून वाचलेले कितीतरी रुग्ण डोळ्यांची तपासणी न होताच घरी जातात. असे का होते आणि ते का होऊ नये, हा या पुस्तिकेचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो : मेंदूतला अ‍ॅन्युरिझम फुटलेल्या प्रत्येक रुग्णाचे डोळे, त्याने नजरेची तक्रार केलेली असो वा नसो, डिस्चार्जपूर्वी आतून तपासले गेलेच पाहिजेत. हा विकार तक्रारीची वाट पाहून सापडणारा नाही आणि आपली सगळी पद्धत मात्र तक्रारीवर उभी आहे.

आधी मूळ आजार समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. त्यातून जिथे फांद्या फुटतात, तिथे धमनीची भिंत कधी कधी कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा यावा तसा फुगवटा येतो. हाच अ‍ॅन्युरिझम. प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के लोकांच्या मेंदूत तो असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. तंबाखूचे धूम्रपान, दुर्लक्षित उच्च रक्तदाब आणि रक्ताच्या नात्यात हाच आजार असणे, यांमुळे तो फुटण्याचा धोका वाढतो. फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरते. त्याला डॉक्टर सबअरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात, घरोघरी त्याला नुसते ब्रेन हॅमरेज म्हटले जाते. डोके एका क्षणात असह्य दुखू लागते, उलट्या होतात, मान आखडते, पुष्कळांची शुद्ध हरपते. जगभरात वर्षाला लाखामागे साधारण सहा ते दहा जणांना हा आजार गाठतो. इतर प्रकारच्या पक्षाघातापेक्षा तो कमी वयात येतो. रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असते आणि त्यांत स्त्रिया अधिक असतात. घर चालवण्याच्या वयातली ही माणसे आहेत. वाचल्यावर त्यांच्यापुढे पुष्कळ वर्षे उरलेली असतात आणि ती वर्षे डोळ्यांवाचून काढावी लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

मेंदूत फुटलेल्या धमनीचा डोळ्याशी संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. जुनी समजूत अशी होती, की मेंदूभोवतीचे रक्तच डोळ्याच्या नसेच्या आवरणातून वाहत पुढे येते आणि डोळ्यात शिरते. मेंदूभोवतीच्या पाण्याची पोकळी डोळ्याच्या नसेभोवती, म्हणजे ऑप्टिक नर्व्हभोवती, थेट नेत्रगोलाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते, हे खरेच आहे. पण तिथून डोळ्याच्या आत जायला सरळ उघडी वाट नाही. शिवाय केवळ डोक्याला जबर मार लागून कवटीतला दाब वाढलेल्या रुग्णांतही डोळ्यांत असाच रक्तस्राव सापडतो. त्यामुळे आज अधिक पटणारे स्पष्टीकरण दाबाचे आहे. अ‍ॅन्युरिझम फुटताक्षणी कवटीतला दाब एकदम चढतो आणि तो नसेच्या आवरणातून डोळ्यामागे पोहोचतो. डोळ्याच्या पडद्यातले वापरलेले रक्त बाहेर नेणारी मुख्य शीर याच आवरणातून जाते. ती दाबली गेली, की रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही, पडद्यातल्या बारीक वाहिन्यांत ते तुंबते आणि त्या वाहिन्या फुटतात. रक्तवाहिन्यांलगतच्या सूक्ष्म वाटांनी रक्त आत येत असावे, असे मानणारेही काही संशोधक आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की डोळा मुळात निरोगी असतो. आधी मधुमेह नसेल, पूर्वी डोळ्यांचा काही त्रास नसेल, तरी हा रक्तस्राव होऊ शकतो. ‘यांना डोळ्यांचा कधीच त्रास नव्हता’ हे घरच्यांचे सांगणे म्हणूनच तपासणी टाळायचे कारण ठरू शकत नाही.

बाहुली मोठी करून डॉक्टर ऑप्थॅल्मोस्कोपने आत पाहतात, तेव्हा काय दिसते? निरोगी डोळ्यात नारिंगी-तांबूस पडदा, त्यावर फिकट पिवळसर गोल चकतीसारखे नसेचे मुख आणि तिथून चहूकडे गेलेल्या वाहिन्या असतात. टर्सन सिंड्रोममध्ये याच चकतीभोवती रक्ताचे डाग दिसतात. काही पडद्याच्या थरांत ज्योतीच्या आकाराचे असतात, काही पडद्याच्या पुढ्यात साचलेले. रुग्णाला उशाकडून उंच केलेल्या खाटेवर ठेवले असेल, तर पडद्यापुढचे हे रक्त खाली बसते आणि त्याची वरची कड आडवी, सपाट होते. खालची बाजू गोलसर असल्याने तो डाग होडीसारखा दिसतो. हे रक्त पातळ पापुद्रा फोडून पुढच्या गरात, म्हणजे व्हिट्रियसमध्ये, उतरले, की सगळेच चित्र नाहीसे होते. मग आत पाहणाऱ्याला पडदा दिसत नाही आणि रुग्णालाही बाहेरचे जग दिसत नाही. कुणाला समोर काळी जाळी हलताना दिसते, कुणाला फक्त उजेड-अंधार कळतो. पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत एकदम असे घडते. एक आणखी ध्यानात ठेवायला हवे : पडद्यापुढे साचलेले रक्त काही दिवसांनी गरात उतरू शकते आणि क्वचित रक्तस्रावच उशिरा होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी केलेली एकच तपासणी पुरेशी नसते.

हा विकार किती जणांना होतो, या प्रश्नाच्या उत्तरातच या पुस्तिकेचा सगळा युक्तिवाद दडलेला आहे. २००४ साली तोपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जुने केसपेपर चाळून केलेल्या अभ्यासांत सबअरॅक्नॉइड हॅमरेजच्या रुग्णांपैकी सुमारे तीन टक्क्यांच्या डोळ्यांत रक्तस्राव नोंदलेला होता. ज्या अभ्यासांत रुग्ण आल्यापासून मुद्दाम प्रत्येकाचे डोळे तपासले गेले, त्यांत हेच प्रमाण सुमारे तेरा टक्के निघाले. आजार तोच, फरक फक्त पाहण्याचा. अभ्यासांची पद्धत, रुग्णांची गंभीरता आणि व्याख्या यांत फरक होता, हे मान्य. कुणी फक्त गरात उतरलेले रक्त मोजतात, कुणी डोळ्यातला कोणताही रक्तस्राव. पण हे सगळे वजा केले, तरी चौपटीची तफावत केवळ व्याख्येने भरून निघत नाही. केसपेपरवर जे लिहिले नाही ते घडलेच नाही, असे आपण धरून चालतो आणि डोळ्यांच्या रकान्यात काही लिहिलेले नसते, कारण कुणी पाहिलेलेच नसते.

मग रुग्ण स्वतः सांगत का नाही? कारण ज्यांना हा रक्तस्राव होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच सांगण्याच्या सर्वांत कमी स्थितीत असतात. ज्यांची सुरुवातीलाच शुद्ध हरपली, ज्यांच्या कवटीतला दाब फार वाढला, त्यांच्यात टर्सन सिंड्रोम अधिक आढळतो. असा रुग्ण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर असतो. शुद्धीवर येतो तेव्हा बोलणे अडखळलेले, स्मरण तुटक, एखादा हात-पाय लुळा. त्याला पुढ्यातला पेला सापडत नाही, चमचा तोंडाऐवजी गालाला लागतो, लेकीचा आवाज ऐकूनच तो मान वळवतो, भर दुपारी ‘दिवा लावा’ म्हणतो. भोवतालचे म्हणतात, मेंदूला धक्का बसलाय, भान आलेले नाही. फिजिओथेरपिस्ट लिहितात, रुग्ण सहकार्य करत नाही. मेंदूच्या दृष्टिकेंद्राला इजा झाली असेल, असाही तर्क होतो आणि ती इजा भरून येणे अवघड मानले जात असल्याने तपास तिथेच थांबतो. प्रत्यक्षात मेंदू पाहायला तयार असतो, वाट रक्ताने अडलेली असते. या दोन शक्यतांतला फरक ओळखायला फार खटाटोप लागत नाही. डोळ्यात डोकावावे लागते, एवढेच. न दिसणारा माणूस चालायला घाबरतो, पडतो, चिडतो, खचतो. त्याच्या पुनर्वसनाचा प्रत्येक दिवस वाया जातो आणि कारण भलतीकडेच शोधले जाते.

डोळ्यातला रक्तस्राव आणखी एक गोष्ट सांगतो. त्याच आढाव्यात टर्सन सिंड्रोम असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण दगावले होते आणि तो नसलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के. यावर एक रास्त आक्षेप असा, की हा विकार म्हणजे मेंदूतल्या आघाताची केवळ सावली आहे. गंभीरता तर सीटी स्कॅनवरून आणि शुद्धीच्या पातळीवरून कळतेच, मग डोळा पाहून नवे काय हाती लागणार? आक्षेपात तथ्य आहे. डोळ्यातले रक्त माणसाला मारत नाही, ज्या दाबामुळे ते आले तो दाब मारतो. शिवाय ज्या अभ्यासांतून हे आकडे आले, त्यांतल्या रुग्णांची संख्या मोठी नव्हती, म्हणून त्यांना कुणाच्या नशिबाचा निकाल समजू नये. टर्सन सिंड्रोम असूनही चालत-बोलत घरी जाणारे रुग्ण असतात. पण म्हणून ही खूण निरुपयोगी ठरत नाही. बेशुद्ध आणलेल्या, काय घडले हे सांगणारे कुणी सोबत नसलेल्या रुग्णाच्या पडद्यापुढे रक्त दिसले, तर ते डॉक्टरांना थेट कवटीच्या आतल्या रक्तस्रावाकडे बोट दाखवते. आणि जो वाचतो, त्याच्यासाठी हीच खूण पुढच्या उपचाराची पहिली पायरी असते.

‘आधी जीव, मग डोळे’ हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि पहिल्या काही तासांपुरता तो पूर्ण बरोबर आहे. फुटलेला अ‍ॅन्युरिझम पुन्हा फुटू नये म्हणून तो बंद करणे, दाब आटोक्यात ठेवणे, पुढच्या दोन आठवड्यांत मेंदूच्या धमन्या आकसून रक्तपुरवठा तुटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, यांपुढे बाकी सगळे दुय्यम. पण हा आक्षेप ज्या काळात निर्णायक होता, तो काळ बदलला आहे. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली अमेरिकेत अ‍ॅन्युरिझमच्या मानेला पहिली क्लिप लावली. १९९०च्या सुमारास ग्वीदो गुल्येल्मी यांनी रक्तवाहिनीतूनच आत नेऊन फुगवट्यात सोडायची प्लॅटिनमची कॉइल वापरात आणली. कवटी न उघडता अ‍ॅन्युरिझम बंद होऊ लागला आणि अतिदक्षता विभागांचे कामही सुधारले. हा आजार अजूनही फार मोठ्या संख्येने माणसे नेतो, पण वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढते आहे. जेव्हा वाचणेच दुर्मीळ होते, तेव्हा नजरेचा प्रश्न मागे पडणे समजू शकते. आता जीव वाचवण्यात जितके यश येईल, तितका ‘वाचल्यावर कसे जगायचे’ हा प्रश्न मोठा होणार. जीव आधी खराच, पण ‘मग डोळे’ यातले ‘मग’ कधीतरी यायला हवे. ते केव्हा येणार हे केसपेपरवर लिहिलेले नसेल, तर ते येतच नाही.

न्यूरोसर्जन आणखी एक अडचण सांगतात आणि ती खरी आहे. डोळे आतून नीट पाहायचे तर थेंब घालून बाहुल्या मोठ्या कराव्या लागतात. अशा रुग्णाच्या बाहुल्यांचा आकार आणि उजेडाला मिळणारा प्रतिसाद तर आयसीयूत तासातासाला पाहिला जातो. एक बाहुली अचानक विस्फारली, तर मेंदूवर दाब आल्याची ती धोक्याची घंटा असते. थेंबांनी ही घंटाच बंद पडते. म्हणून पहिल्या धोक्याच्या काळात थेंब टाळावेत, यात दुमत नाही. पण त्यापायी तपासणीच सोडून देण्याचे कारण नाही. बाहुली मोठी न करताही पुष्कळ कळते. डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, खाटेजवळ होते आणि मिटल्या पापणीवरून गरातले रक्त दाखवते. थेंबांशिवाय पडद्याचे छायाचित्र काढणारे कॅमेरे आहेत. मेंदूसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्येही नेत्रगोल आलेले असतात. मुद्दाम पाहिले, तर डोळ्याच्या मागच्या भिंतीलगत रक्ताचा पांढुरका थर कधी कधी तिथेच सापडतो. पातळ थर त्यात निसटतो, म्हणून स्कॅन स्वच्छ दिसला तरी पुढची तपासणी टाळू नये. रुग्ण स्थिरावल्यावर थेंब घालायला हरकत नसते, फक्त न्यूरोसर्जनच्या संमतीने, ट्रॉपिकामाइडसारखे काही तासांत उतरणारे औषध वापरून आणि थेंब किती वाजता, कोणत्या डोळ्यात घातले हे केसपेपरवर ठळक नोंदवून. कित्येक दिवस बाहुली विस्फारून ठेवणारे अ‍ॅट्रोपिन इथे वापरू नये.

तिसरा आक्षेप नेत्रतज्ज्ञांकडूनच येतो : हे रक्त बऱ्याचदा आपोआप विरघळते, मग शोधण्याची घाई कशाला? आपोआप विरघळते हे खरे. थोडे रक्त काही आठवड्यांत, जास्त असल्यास काही महिन्यांत. म्हणूनच एका डोळ्यात थोडा रक्तस्राव असेल, तर लक्ष ठेवून वाट पाहणे हाच योग्य उपचार असतो. पण वाट पाहणे आणि माहीतच नसणे या एकच गोष्टी नव्हेत. वाट पाहणारा डॉक्टर दर काही आठवड्यांनी तपासतो, पडदा सुटत नाही ना हे सोनोग्राफीने पाहतो, त्यावर पापुद्रा धरत नाही ना यावर नजर ठेवतो आणि रक्त हटत नसेल तर शस्त्रक्रिया सुचवतो. ही शस्त्रक्रिया म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० साली मायामीत तिचा पाया घातला. आज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या उपकरणांनी डोळ्यातला रक्ताळलेला गर काढून घेता येतो. पडदा शाबूत असेल, तर पुष्कळ रुग्णांची नजर लक्षणीय सुधारते. तिचेही धोके आहेत. पुढे मोतीबिंदू लवकर होतो, क्वचित पडदा सुटतो. म्हणून ती सरसकट करायची नसते. पण दोन्ही डोळे रक्ताने भरलेल्या, उभे राहायला आणि चालायला नव्याने शिकणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने अंधारात ठेवणेही धोक्यावाचून नसते. लहान मुलांत तर घाई आणखी हवी, कारण वाढत्या वयात झाकलेला डोळा पाहणेच शिकत नाही आणि पुढे रक्त काढले तरी ती नजर पूर्ण येत नाही.

उरतो सोयींचा प्रश्न. आपल्याकडे मेंदूची शस्त्रक्रिया एका रुग्णालयात, पडद्याचे डॉक्टर दुसरीकडे आणि रुग्णाचे गाव तिसऱ्याच जिल्ह्यात, अशी स्थिती असते. गावाकडून पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला आणलेला रुग्ण कॉइलिंग झाल्यावर परत जातो तेव्हा घरच्यांची पुंजी संपलेली असते. अशा वेळी आणखी एक तपासणी सांगणे निष्ठुरपणाचे वाटू शकते. पण ही तपासणी या सगळ्या उपचारांतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. पहिल्या चाळणीला पडद्याचे डॉक्टरच लागतात असेही नाही. कोणताही नेत्रतज्ज्ञ ती करू शकतो आणि जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. ऑप्थॅल्मोस्कोप तर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती एकदा दिलेला असतो. उणीव यंत्रांची कमी आणि सवयीची जास्त आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे आतून तपासले : होय / नाही, तारीख’ अशी एक ओळ छापायला कुठल्याही रुग्णालयाला नवा निधी लागणार नाही.

पुढच्या पानांत हे सगळे सविस्तर येईल : डोळ्याची आणि मेंदूची रचना, रक्तस्रावाचे प्रकार, तपासणीची वेळ, वाट कधी पाहायची आणि शस्त्रक्रिया कधी करायची, आणि नजर परत येईपर्यंत घरात कोणती काळजी घ्यायची. डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी ती पाने आहेतच, पण रुग्णाच्या खाटेशी बसणाऱ्या माणसांसाठी ती अधिक आहेत. रुग्ण नीट पाहत नाही हे आधी त्यांच्याच लक्षात येते आणि ‘आजारपणामुळे असेल’ म्हणून तेच गप्प बसतात. त्यांना माझी विनंती आहे : गप्प बसू नका. रुग्ण शुद्धीवर आला, की एकेक डोळा झाकून त्याला बोटे मोजायला सांगा. त्याला सांगता येत नसेल, तर समोरून हलणाऱ्या हाताबरोबर त्याची नजर फिरते का ते पाहा आणि जे दिसेल ते डॉक्टरांच्या कानावर घाला. सगळे ठीक वाटले, तरी डिस्चार्ज कार्ड हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ‘यांचे डोळे आतून तपासले का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.